आवाज कुणाचा, नाव कुणाचं?



गेला महिनाभर दर मंगळवारी दुपारी आपण देशोदेशीची गाणी ऐकतोय. कांडणाची, भातलावणीची, लग्नाची, लेकरू निजवायची. भाषा एकाही गाण्याची कळत नाही, तरी तुमचे फोन येतात. "ही पोर नक्की सासरी निघालीय," असं एका आजींनी फोनवर सांगितलं आणि ते गाणं खरंच पाठवणीचं होतं. पण जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये एक प्रश्न असतोच. विचारणारी कुठल्याही वाडीवरची असो, प्रश्न तोच. ही बाई कोण? हिचं नाव काय?

उत्तर शोधायला आम्ही सीडीचं वेष्टन हातात घेतो. त्यावर देशाचं नाव असतं, जमातीचं असतं, वाद्याचं असतं. गाणं टिपून आणणाऱ्या संशोधकाचं नाव तर ठळक असतं. गाणाऱ्या बाईचं नाव मात्र पुष्कळदा सापडत नाही. म्हणून आज गाणी थोडी कमी वाजवू आणि या नावांबद्दल बोलू. तसं बोलायला आपल्या गटात एक कारणही घडलंय, ते शेवटी सांगतो.

आधी हे आवाज साठवणं सुरू कसं झालं ते थोडक्यात. अमेरिकेत एडिसन यांनी 1877 साली फोनोग्राफ बनवला. भोंग्यापुढे तोंड धरून गायचं. आवाजाने आतला पातळ पडदा थरथरायचा, पडद्याला जोडलेली सुई हलायची आणि फिरत्या नळीवर बारीक रेघ कोरत जायची. तीच सुई पुन्हा त्या रेघेवरून फिरवली की आवाज परत ऐकू यायचा. पुढे नळ्या मेणाच्या झाल्या. एका नळीवर दोन-तीन मिनिटं मावायची. आपलं हळदीचं गाणं म्हणायचं तर नवरीच्या मावशीचं नाव येईपर्यंत नळी संपायची. शिवाय मेण झिजायचं. जितक्यांदा ऐकाल तितका आवाज पुसट होणार.

हे यंत्र घेऊन माणसं गावोगाव निघाली. 1890 च्या मार्चमध्ये फ्यूक्स नावाचे संशोधक अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात गेले आणि तिथल्या पासामाक्वाडी या आदिवासी लोकांची गाणी आणि गोष्टी त्यांनी नळ्यांवर उतरवल्या. गावात जाऊन लोकगीत टिपण्याची जगातली ही पहिली खेप मानतात. पुढे 1907 पासून फ्रान्सिस डेन्समोर या बाईंनी तेच काम हाती घेतलं. एकटी बाई, लांब घागरा, डोक्यावर टोपी आणि बरोबर ते जड यंत्र. त्यांनी आदिवासींची दोन हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणं केली. त्या काळात सरकार त्याच आदिवासी मुलांना घरापासून लांब निवासी शाळांत नेऊन त्यांची भाषा बंद करत होतं. ही माणसं यंत्र घेऊन गेली नसती तर कितीतरी गाणी म्हाताऱ्या माणसांबरोबर गेली असती. तेव्हा टिपणाऱ्यांना आम्ही नावं ठेवत नाही.

पण त्या नळ्या गेल्या कुठे? मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत. पासामाक्वाडी लोकांच्या हाती त्यांच्याच आजोबा-पणजोबांच्या आवाजाच्या प्रती येईपर्यंत 1980 चं दशक उजाडलं. म्हणजे नव्वद वर्षं. आता मात्र तिथे चांगली रीत पडली आहे. कुठलं गाणं सगळ्यांनी ऐकावं आणि कुठलं आपल्याच लोकांपुरतं ठेवावं, हे ते लोक स्वतः ठरवतात आणि त्यांच्या देशाचं सगळ्यांत मोठं ग्रंथालय त्यांचं म्हणणं त्या ध्वनिमुद्रणाशेजारी लिहून ठेवतं.

आता जरा आभाळात जाऊ. 1977 साली अमेरिकेच्या नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. ती अजून चालतच आहेत, सूर्यापासून इतकी लांब की माणसाने बनवलेली दुसरी कुठलीच वस्तू तेवढी लांब गेलेली नाही. दोन्हींवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. पुढेमागे कुणाच्या हाती लागली तर पृथ्वीवर कशी माणसं राहत होती ते त्यांना कळावं म्हणून. त्यात 55 भाषांतले निरोप आहेत, आपली मराठीही आहे. आणि जगभरातून निवडलेले संगीताचे 27 तुकडे आहेत.

त्यात भारताचा एकच तुकडा आहे आणि तो एका बाईचा आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. भैरवीतलं 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांचं. व्हॉयेजर एक 5 सप्टेंबरला उडालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. अकरा दिवसांचं अंतर.

(इथे केसरबाईंच्या गाण्याचा तुकडा ऐकवला.)

त्या तबकडीवर काय काय आहे याची यादी नासाने छापली आहे. त्यात केसरबाईंचं नाव 'सूरश्री' या मानाच्या पदवीसकट आहे. बल्गेरिया देशातल्या डोंगराळ भागातल्या वाल्या बाल्कान्स्का या गायिकेचंही नाव आहे. आता त्याच यादीतली पेरू देशाची ओळ बघा. लग्नाचं गाणं, ध्वनिमुद्रण जॉन कोहेन, 38 सेकंद. बस. गाते ती एक कोवळ्या आवाजाची मुलगी आहे. गाण्यात आपलं लहान वयात लग्न लावून दिल्याचं दुःख ती सांगते. 1964 साली कोहेन यांनी ते उंच डोंगरातल्या एका गावात टिपलं. आज ती पोर कोट्यवधी मैलांवर आपलं गाऱ्हाणं सांगत चाललीय आणि यादीत तिचं नाव नाही. तसंच आफ्रिकेतल्या कांगोच्या जंगलातल्या मुलींचं. मुलगी शहाणी झाली की गायचं ते गाणं. यादीत काय, तर ध्वनिमुद्रण कॉलिन टर्नबुल, 56 सेकंद.

लग्नाच्या फोटोखाली फोटोग्राफरचं नाव छापलं आणि नवरीचं छापलंच नाही, तर आपण चालवून घेऊ का? केसरबाई मोठ्या गायिका, मैफलीत गाणाऱ्या, म्हणून नाव लागलं. डोंगरातल्या पोरीचं गाणं म्हणजे 'तिकडच्या लोकांचं गाणं' झालं. आम्हाला यातली खोच कळायला वेळ लागत नाही, कारण आपण वर्षानुवर्षं 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' म्हणूनच कागदावर येत आलोय.

नाव राहिलं तर काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. गाणं तर पोचलं ना! त्यासाठी एका अंगाईची हकीकत ऐका.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला समुद्रात सॉलोमन बेटं आहेत. त्यातलं मलाइता हे एक बेट. तिथे बाएगू नावाची जमात राहते. त्या जमातीत अफुनाक्वा नावाची बाई होती. 1969-70 च्या सुमारास ह्यूगो झेंप हे संशोधक तिथे महिनोन्‌महिने राहिले. त्यांच्यापुढे अफुनाक्वाने एक अंगाई गायली. तिचं नाव 'रोरोग्वेला'. त्यात थोरलं भावंड धाकट्याला गप्प करतंय. आईबाप गेलेत, आता तुला कडेवर कोण घेणार, पण मेल्या माणसांच्या बेटावरून ती आपल्याकडे बघतायत, असा त्याचा भाव आहे. पोरक्या लेकरांची अंगाई. तीत आई नाहीच, हे ऐकून आमच्या स्टुडिओत सगळ्या गप्प झाल्या होत्या.

(इथे अंगाईचा तुकडा ऐकवला.)

1973 साली युनेस्कोच्या मालिकेत तिची तबकडी निघाली. वीस वर्षं ती अभ्यासक आणि हौशी लोक ऐकत होते. मग 1992 मध्ये फ्रान्समधल्या डीप फॉरेस्ट नावाच्या दोन वादकांच्या जोडीने अफुनाक्वाचा तो आवाज जसाच्या तसा उचलला, त्याला यंत्रावरचा ताल जोडला, जंगलातले आवाज घातले आणि मध्य आफ्रिकेतल्या लोकांच्या गाण्यांचे तुकडे त्यात मिसळले. गाणं जगभर गाजलं. अल्बम लाखोंनी खपला, ग्रॅमी नावाच्या मोठ्या पारितोषिकाच्या यादीपर्यंत गेला आणि गाणं टीव्हीवरच्या जाहिरातींमध्ये वाजू लागलं. अल्बमची सगळी ओळख आफ्रिकेच्या जंगलातल्या ठेंगण्या लोकांची, पिग्मींची गाणी अशी केलेली. कुठे आफ्रिका आणि कुठे मलाइता! मधे अख्खा हिंदी महासागर पडला आहे, त्याच्या पलीकडे प्रशांत महासागर. हे म्हणजे आमच्या गावच्या भोंडल्याची चाल उचलून ती इराणची आहे म्हणून विकण्यासारखं.

अल्बमच्या वेष्टनावर युनेस्कोचं नाव होतं. मूळ ध्वनिमुद्रणं करणाऱ्या संशोधकांची नावं होती. अफुनाक्वा नव्हती.

आणि एकदा नाव सुटलं की ते पुढे सुटतच जातं. 1996 साली यान गार्बारेक या नॉर्वेच्या फार मोठ्या सॅक्सोफोनवादकाने तीच चाल आपल्या तबकडीत वाजवली आणि तिला नाव दिलं 'पिग्मी लोकांची अंगाई'. त्याच्या मनात काही खोट असेल असं आम्हाला वाटत नाही. त्याने ऐकलं तसं लिहिलं. पण बघा, आधी बाईचं नाव गेलं, मग तिची जमात गेली, तिचं बेट गेलं, शेवटी खंडसुद्धा दुसरंच लागलं. झेंप यांनी त्याच वर्षी लेख लिहून जाहीर तक्रार केली. स्टीव्हन फेल्ड या अमेरिकन संशोधकाने 2000 साली सगळी साखळी जोडून दाखवली. एवढं झाल्यावरच अफुनाक्वा हे नाव लोकांना कळलं. तिच्या मागावर एक जण पुढे थेट मलाइताला जाऊन आला तेव्हा ती हयात नव्हती. तिच्या नात्यातली माणसं मात्र भेटली.

एक गोष्ट यात लक्षात घ्या. तिचं नाव परत मिळालं ते झेंप यांनी पहिल्या दिवशी वहीत लिहिलं होतं म्हणून. ती वही नसती तर पुढे कुणी कितीही भांडलं असतं तरी कुणासाठी भांडायचं हेच कळलं नसतं.

तैवानमधल्या एका नवरा-बायकोची हकीकत थोडी बरी आहे. दिफांग आणि इगाय, आमिस जमातीचे शेतकरी. दोघं मिळून दोन आवाजांत गायचे, वडीलधारी मंडळी एकत्र बसल्यावर गायचं ते गाणं. 1988 मध्ये ती दोघं आणि त्यांच्याबरोबरचे आदिवासी कलाकार युरोपात कार्यक्रमाला गेले, तिथे पॅरिसच्या एका संस्थेने गाणी ध्वनिमुद्रित केली. पाच-सहा वर्षांनी जर्मनीतल्या एनिग्मा या गटाने त्या तबकडीतले आवाज घेऊन आपलं गाणं बांधलं. तबकडी काढणाऱ्या संस्थेला पैसे दिले, गाणाऱ्यांना विचारलं नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या जाहिरातीत ते वाजलं. सगळ्या जगाने या म्हाताऱ्या जोडप्याचा आवाज ऐकला. 1998 साली त्यांनी अमेरिकेत खटला भरला, पुढच्या वर्षी तडजोड झाली, पैसे मिळाले आणि यापुढे गाण्यावर त्यांची नावं लागतील असं ठरलं. दिफांगचं नाव पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. इगायचं शोधावं लागतं. आम्ही शोधलं, म्हणून आज मुद्दाम दोन्ही नावं घेतली.

आता 'लोकगीत' या शब्दाबद्दल. शब्द गोड आहे, पण तो कधीकधी घात करतो. लोकांचं गाणं, म्हणजे कुणाचंच नाही, म्हणजे कुणीही घ्यावं, अशी समजूत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडाचं तसं झालं. हा झुलू माणूस खेड्यातून कामाला जोहान्सबर्ग शहरात आला. तबकड्या काढणाऱ्या कंपनीतच माल बांधायचं काम करायचा आणि आपल्या सोबत्यांबरोबर गायचा. 1939 साली त्याच कंपनीने त्याचं 'म्बुबे' म्हणजे 'सिंह' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. तिसऱ्या खेपेला, गाणं संपता संपता, त्याने उंच आवाजात एक चाल सोडली. आधी ठरवलेली नव्हती, तिथेच सुचली. ती काही सेकंदांची चाल आज जगातल्या सगळ्यांत ओळखीच्या चालींपैकी एक आहे. तुमच्या नातवंडांनी सिंहाच्या छाव्याचा 'लायन किंग' हा कार्टून सिनेमा पाहिला असेल तर त्यांनीही ती ऐकली आहे.

लिंडाने त्या गाण्याचे हक्क 1952 मध्ये दहा शिलिंगांना लिहून दिले. तोवर गाणं अमेरिकेत पोचलं होतं. तिथल्या गायकांनी त्याला आफ्रिकेतलं जुनं लोकगीत समजून गायलं, शब्द चुकीचे ऐकू आले तेही तसेच गायले. 1961 मध्ये नव्या इंग्रजी शब्दांसकट ते पुन्हा गाजलं. 1962 मध्ये लिंडा वारला. बँकेत पंचवीस डॉलरसुद्धा नव्हते. कबरीवर दगड बसायला अठरा वर्षं लागली. पुढेही त्याच्या बायकोच्या आणि मुलींच्या सह्या कागदांवर घेतल्या गेल्या. सन 2000 मध्ये रायन मलान या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने सगळी हकीकत छापली, 2004 मध्ये मुलींच्या वतीने खटला उभा राहिला. वकिलांनी 1911 चा इंग्रजांचा जुना कायदा शोधून काढला. निर्माता मेल्यावर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परत येतात, असं त्यात कलम होतं. 2006 मध्ये तडजोड होऊन लिंडाच्या मुलींना पैसे मिळाले. एक मुलगी त्याआधीच वारली होती.

तेव्हा जुनं गाणं आणि कुणीतरी केलेलं गाणं यातला फरक आपण विचारला पाहिजे. आपल्याकडेही एखादी ओवी आजीच्या आजीपासून आलेली असते आणि एखादी समोरच्या बाईने स्वतः, आपल्या भावाच्या मरणावर, रचलेली असते. बाहेरच्याला दोन्ही सारख्याच वाटतात. आपल्याला माहीत असतं.

आता जी हकीकत आम्हाला सगळ्यांत आवडते ती. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात एक मोठा तुरुंग होता, शेतांनी वेढलेला. काळे कैदी तिथे राबायचे. 1959 साली अॅलन लोमॅक्स हे संशोधक तिथे गेले. जेम्स कार्टर नावाचा कैदी आणि त्याचे सोबती कुऱ्हाडीने लाकूड फोडत होते आणि त्या घावांच्या तालावर गात होते. कापणीला आपण भलरी म्हणतो ना, तसं. एक जण पुढे ओळ टाकणार, बाकीचे उचलून धरणार आणि कुऱ्हाड एकदम खाली येणार. लोमॅक्स यांनी ते टिपलं आणि गाण्यापुढे नाव लिहिलं: जेम्स कार्टर आणि कैदी.

(इथे कुऱ्हाडीच्या तालावरचं गाणं ऐकवलं.)

चाळीस वर्षं गेली. सन 2000 मध्ये एका गाजलेल्या सिनेमाची सुरुवातच या गाण्याने झाली. सिनेमाच्या गाण्यांची तबकडी लाखोंनी खपली. लोमॅक्स यांच्या संग्रहाकडे पैसे जमू लागले आणि तिथल्या लोकांनी ठरवलं, कार्टरला शोधायचं. एका पत्रकाराने मदत केली. तुरुंगाची जुनी दफ्तरं चाळली, पत्ते काढले, आणि शिकागो शहरात जेम्स कार्टर सापडला. पंचाहत्तरी ओलांडलेला, बायको-मुलींबरोबर राहणारा. आपण चाळीस वर्षांपूर्वी कुणापुढे गायलो होतो हे तो विसरूनही गेला होता. त्याच्या हातात वीस हजार डॉलरचा चेक ठेवला. तुमची तबकडी मायकल जॅक्सनपेक्षा जास्त खपतेय, असं सांगितल्यावर म्हातारा म्हणाला म्हणे, की त्याला सांगा, मी जरा हळू चालतो, म्हणजे तो मला गाठेल. त्या वर्षीचं सगळ्यांत मोठं ग्रॅमी त्या तबकडीला मिळालं तेव्हा कार्टर आपल्या घरच्यांबरोबर समारंभाला बसला होता. दुसऱ्याच वर्षी तो गेला.

कैद्याचं नाव कुणी विचारतं का? लोमॅक्स यांनी विचारलं आणि लिहिलं. त्या दोन शब्दांमुळे चाळीस वर्षांनी पैसा बरोबर घरी पोचला.

आपल्या महाराष्ट्रातही असं नीट काम झालं आहे, तेही आपल्याच ओव्यांचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या, आणि प्रत्येक ओवीपुढे गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव. 2017 पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहावर इंटरनेटवर येऊ लागल्या. ओवी, तिचा अर्थ, बाईचा आवाज आणि बाईचा फोटो. ज्या ओव्या गिरणी आल्यावर जात्याबरोबर कोपऱ्यात गेल्या होत्या, त्या आता नाती मोबाइलवर आजीच्या नावाने शोधतात.

आता आपल्या गटातलं कारण. गेल्या महिन्यात शहरातून एक गृहस्थ आले होते. बोलायला गोड. आपल्या बायांची लग्नातली गाणी आणि ओव्या ध्वनिमुद्रित करून अल्बम काढायचा म्हणाले. प्रत्येकीला पाचशे रुपये आणि एक साडी. बरोबर चार पानांचा इंग्रजी कागद होता, सहीची जागा फुलीने दाखवलेली. काही जणी म्हणाल्या, त्यात काय एवढं, गाणं काय आपल्या खिशातून जातंय, करून टाकू सही. गटातली कॉलेजला जाणारी पोर तो कागद वाचत बसली. त्यात लिहिलं होतं की सगळे हक्क, सगळ्या जगात, कायमचे, कंपनीचे. गाणाऱ्या बायांची नावं द्यायची की नाहीत, तेही कंपनी ठरवणार.

पाचशे रुपये आम्ही कमी समजत नाही. खुरपणीला दिवसभर वाकून किती मिळतात ते आपल्याला ठाऊक आहे. पण आम्ही त्यांना थांबवलं आणि कायद्याचं काय ते विचारून घेतलं. ते तुम्हीही ऐका. आजीपणजीपासून आलेली ओवी कुणा एकीच्या मालकीची नसते. पण ती तुम्ही तुमच्या गळ्यातून गायलात की त्या गाण्यावर गाणारी म्हणून तुमचा हक्क लागतो. आपल्या देशाच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली तशी दुरुस्ती झाली. तुमच्या संमतीशिवाय कुणी ते ध्वनिमुद्रित करून विकू शकत नाही. हा हक्क 50 वर्षं टिकतो. 2012 साली आणखी दुरुस्ती झाली. गाणं धंद्यासाठी वापरलं तर गाणारीला मानधनाचा वाटा, म्हणजे रॉयल्टी, आणि गाणं तिचं आहे हे सांगणारं नाव, दोन्ही मागायचा तिला अधिकार आहे. ओवी तुम्ही स्वतः रचलेली असेल तर कवयित्री म्हणून हक्क आणखी वेगळा.

म्हणून आम्ही त्या गृहस्थांना सांगितलं, गाऊ, आनंदाने गाऊ. कागद मराठीत आणा. प्रत्येक गाण्यापुढे गाणारीचं पूर्ण नाव आणि गाव लिहा. कुठे वापरणार आणि किती वर्षं ते लिहा. पैसे आले तर वाटा किती, तो कुणाच्या खात्यात, ते लिहा. आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत आमच्या केंद्रात राहील.

एक गोष्ट आम्ही जुन्या तबकड्यांकडून उचलली आहे. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जान यांनी गाणी ध्वनिमुद्रित केली, आपल्या देशातल्या अगदी पहिल्या तबकड्यांपैकी. प्रत्येक गाणं संपलं की त्या इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगायच्या. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत. तिथल्या कामगारांनी कुणाचं गाणं कुणाच्या नावावर चिकटवू नये म्हणून ही युक्ती. कागद हरवला तरी नाव आवाजातच राहणार. आपल्या केंद्रावरही तसंच करतो. माइक सुरू झाला की बाई आधी आपलं नाव सांगते, माहेरचं सांगायचं असेल तर तेही, गाव सांगते, गाणं कुणाकडून शिकली ते सांगते आणि मग गाते. परवा एका मावशींनी नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आजीचं सांगितलं आणि गाण्याला दोनच मिनिटं उरली. आम्ही थांबवलं नाही, दुसरी फाइल उघडली.

ते गृहस्थ कागद मराठीत करून आणतो म्हणून गेलेत. कागद आला की पुढच्या मंगळवारी त्यातलं एकेक कलम आपण इथे मोठ्याने वाचून दाखवू. ज्यांना गायचंय त्यांनी रेडिओजवळ बसा, न कळलेलं लिहून ठेवा आणि फोन करा.